पानिपतची फौज २८ मिलिमीटरमध्ये: पुटी, तार, पागोटे आणि फासे

फाशांचा युद्धखेळ खेळताना टेबलावरचा चिमुकला सैनिक आपल्या डोळ्यांपासून तीनेक फुटांवर असतो. तेवढ्या अंतरावरून त्याच्या अंगरख्याचे बंद दिसत नाहीत. पागोट्याचा आकार दिसतो, भाल्याचा तिरपेपणा आणि घोड्यावरची बैठक दिसते, आणि पांढऱ्या कपड्यावरच्या सावल्या कळतात. नवखा माणूस बरोबर उलटे करतो. पहिले चार दिवस बुबुळांवर घालवतो आणि पागोटे म्हणून डोक्यावर पुटीचा गोळा थापून मोकळा होतो. मग फौज उभी राहते, पण ती मराठ्यांची वाटत नाही, कुणाचीही वाटते. या लेखात मेहनतीची वाटणी या तीन फुटांच्या हिशेबाने केली आहे. उदाहरणासाठी १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई घेतली आहे, आणि तीही अख्खी नाही. इब्राहिमखानाचे गारदी (मराठ्यांचे कवायती पायदळ) आणि समोरचे रोहिले (अब्दालीच्या बाजूचे पठाण), एवढी एकच बाजू. पहिल्या वर्षाला ती पुरते.

माप आधी ठरवा

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही. टेबलावर मात्र लगेच खटकते. ऐतिहासिक युद्धखेळात सर्वांत रुळलेले माप २८ मिमी. हे तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, डोक्याच्या शेंड्यापर्यंत नाही. म्हणजे उघड्या डोक्याचा माणूस ३० मिमीच्या आसपास, आणि पागोटे चढले की ३२. प्रमाण साधारण १:५६ धरा. मग खरा १ फूट म्हणजे जवळपास साडेपाच मिमी. हा एक आकडा पाठ केला की बाकी सगळे निघते: १२ फुटी भाला ६५ मिमी, पावणेतीन फुटी तलवार १५ मिमी, पावणेदोन-दोन फूट व्यासाची ढाल १० मिमी.

दोन कंपन्यांचे ‘२८ मिमी’ सारखे नसतात. एकाचे सैनिक सडपातळ, दुसऱ्याचे हात-डोकी मुद्दाम मोठी. उंचीतला एक मिमीचा फरक खपतो, डोक्याच्या रुंदीतला अर्धा मिमी लगेच नजरेत येतो. म्हणून एका तुकडीत एकाच घडणीची डोकी वापरा, शरीरे मिसळली तरी चालतात.

स्वस्तात सुरुवात हवी असेल तर १/७२ मापाचे मऊ प्लास्टिकचे सैनिक आहेत, पण ते पॉलिथिनसारख्या प्लास्टिकचे असतात. त्याला प्लास्टिक सिमेंट चिकटत नाही, पुटी सुटते आणि वाकल्यावर रंगाचे पापुद्रे निघतात. फेरफार करायचे असतील तर कडक पॉलिस्टायरिन किंवा पांढरा धातू घ्या.

कुठल्या शरीरातून काय निघते

शून्यापासून मूर्ती घडवण्याआधी दहा-बारा सैनिकांचे फेरफार करावेत. हात, पाय, डोके कुठे जोडतात आणि कापड कुठे ताणते हे दुसऱ्याच्या चांगल्या मूर्तीवर काम करताना आपोआप समजते.

मराठी घोडेस्वारांसाठी ग्रिपिंग बीस्ट या कंपनीचे प्लास्टिकचे अरब हलके घोडदळ चांगले आहे. सैल झगे, गोल ढाली, भाले, हलके घोडे. काळ कित्येक शतके आधीचा असला तरी डोकी, तलवारी आणि खोगिरे बदलली की धागा जुळतो. गारद्यांसाठी पेरी या कंपनीचे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातले ब्रिटिश पायदळ घ्या. इब्राहिमखान फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला. त्याची पलटण युरोपीय पद्धतीने रांग धरून चकमकीच्या (गारेच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुका चालवणारी, त्यामुळे त्या सैनिकांची बंदूक, उभे राहण्याची ढब आणि छातीवरचे आडवे पट्टे तसेच ठेवता येतात. रोहिल्यांसाठी पेरीच्याच सुदान मोहिमेतले अन्सार (महदीचे सैनिक) कामी येतात, फक्त त्यांच्या झग्यावरची चौकोनी ठिगळे पात्याने खरवडून टाका.

युरोपीय सरदारांचे घोडे मात्र टाळा. दख्खनचे भीमथडी तट्टू बुटके, काटक आणि बारीक हाडाचे. त्याच्या जागी चिलखती सरदाराचा धिप्पाड घोडा आला की वरचा स्वार कितीही नीट केला तरी वाया जातो.

हत्यारे

शस्त्रक्रियेच्या सामानाच्या दुकानात ३ नंबरची मूठ आणि ११ नंबरची पाती मागा. तिथेच दातांच्या डॉक्टरांची मेण कोरायची स्टीलची हत्यारे मिळतात. एक पानासारख्या टोकाचे आणि एक बोथट टोकाचे, एवढी दोन पुरतात. शिवणाची सुई लाकडी दांड्यात बसवून तिसरे हत्यार घरी होते. टोकाला सिलिकॉन असलेला रंगाचा शेपर शून्य नंबरचा घ्या, कारण बोटांचे ठसे पुसायला त्याच्याइतके चांगले दुसरे काही नाही. याशिवाय हातड्रिल आणि ०.८ व १ मिमीची टोके, बारीक कानसी, चपटी पक्कड.

तारेचे माप दुकानात गेजमध्ये सांगावे लागते. २० गेज म्हणजे ०.९ मिमी, ही तांब्याची घ्या, सांगाड्यासाठी. २२ गेज म्हणजे ०.७ मिमी, ही स्टीलची घ्या, भाल्यांसाठी. तांब्याचा भाला पहिल्याच खेळात वाकतो आणि मग सरळ होत नाही, नागमोडी होतो.

पुटी

या छंदाचा कणा म्हणजे ग्रीन स्टफ, पिवळ्या-निळ्या पट्टीत येणारी इपॉक्सी पुटी. समान भाग घेऊन एकसारखा हिरवा रंग येईपर्यंत मळायची, पाच मिनिटे तरी. मळताना निळी रेघ शिल्लक राहिली तर त्या जागी नंतर कडक खडा लागतो आणि हत्यार अडखळते. पट्टीत पिवळा आणि निळा भाग जिथे एकमेकांना चिकटलेले असतात, तिथे ते आधीच वाळलेले असतात. ती मधली दोन मिमीची कड कापून फेकून द्या. न फेकल्यास नंतर चेहऱ्याच्या मधोमध रवा सापडतो.

पिवळा थोडा जास्त घेतला तर पुटी मऊ, चिकट आणि वाळल्यावर लवचीक होते. कापडाच्या चुण्यांना ती बरी. निळा जास्त घेतला तर वाळल्यावर कडक, धार धरणारी होते, पट्टे आणि हत्यारांसाठी तशी घ्या. मळल्यावर लगेच कामाला लागू नका. पहिली पंधरा-वीस मिनिटे ती च्युइंगगमसारखी हत्याराला चिकटते. त्यानंतरचा तासभर खरे काम होते. पूर्ण कडक व्हायला २४ तास लागतात. मे महिन्यात हा वेळ खूप घटतो, तेव्हा मळलेला गोळा फ्रीझरमध्ये ठेवून लागेल तसा तुकडा काढा. घाई असेल तर बल्बखाली ठेवून वाळवताही येते, पण मग मूर्ती प्लास्टिकची असेल तर अंतर राखा.

ग्रीन स्टफ कानशीने घासता येत नाही, रबरासारखी फाटते. जिथे सपाट पृष्ठ किंवा तीक्ष्ण कड हवी तिथे मिलिपुट वापरा. ती पाण्याने गुळगुळीत होते आणि वाळल्यावर छान घासली जाते, पण पातळ भाग ठिसूळ. दोन्हींचा मध्य साधायचा तर दोन्ही पुट्या वेगवेगळ्या पूर्ण मळून मग निम्म्या-निम्म्या एकत्र करा. आपल्याकडे सहज मिळणारी फेविक्रिलची शिल्पकार माती याच जातीची, पांढरी आणि पाण्याने गुळगुळीत होणारी. खोगिराखालची झूल, जमीन, तोफेच्या गाड्याची भर यासाठी उत्तम, मिशीसाठी नाही. एम-सील भरड आहे आणि लवकर आवळते. ती बैठकीखाली (सैनिक ज्यावर चिकटवतात त्या चौकोनी तुकड्याखाली) भरायला ठेवा.

हत्यार ओले ठेवायला पाणी पुरते. व्हॅसलीन लावलेत तर ते नखावर घेऊन पुसून टाकल्यावर जेवढे उरते तेवढेच. जास्त झाले की पुढचा थर धरत नाही आणि रंगही सुटतो. व्हॅसलीन वापरलेली मूर्ती रंगाआधी भांडी धुण्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने धुवा. न वाळलेली इपॉक्सी काहींच्या त्वचेला त्रास देते, आणि हा त्रास वर्षभराने अचानक सुरू होऊ शकतो. मळताना पातळ हातमोजे घाला.

गारदी: एका ब्रिटिश शिपायाचे रूपांतर

तिकोनी टोपी भुवयांच्या रेषेवर आडवी कापा. वर कवटीचा एक मिमी शिल्लक ठेवा. पागोटे त्यावर बसते, त्यामुळे चेहरा वाचतो. मागे वेणी बांधलेली असते, ती खरवडा. मग पाते पृष्ठाला काटकोनात धरून कॉलर, छातीवरची उलटी पट्टी आणि मनगटाच्या मोठ्या कफा खरवडून सपाट करा. पाते तिरपे धरले की खाचा पडतात. कोटाच्या मागच्या शेपट्या कमरेखाली चार मिमीवर कापून आखूड करा.

पाय हे नवख्यांकडून सुटणारे काम. घोट्यापर्यंतच्या गेटरची (बुटावरच्या कापडी वेष्टनाची) बटणे खरवडा, गुडघ्याच्या वर एक मिमी जाड आणि तीन मिमी रुंद पुटीचा पट्टा गुंडाळा आणि सुईने उभ्या चुण्या पाडा. झाला आखूड चोळणा. गुडघ्याखाली पोटरी उघडी, तिथे नंतर त्वचेचा रंग. पांढरा अंगरखा आणि खाली तपकिरी पोटऱ्या, हे तीन फुटांवरून स्पष्ट दिसते आणि युरोपीय शिपाई तत्काळ हिंदुस्थानी होतो.

कमरबंद दोन-अडीच मिमी रुंद, अर्धा मिमी जाड. पुटीची पट्टी ओल्या काचेवर लाटून पात्याने सरळ कापा, दहा मिनिटे आवळू द्या, मग गुंडाळा. ताजी पट्टी उचलताना ताणून लांब होते. प्लास्टिकची संगीन हमखास मोडते, ती कापून तिथे टाचणीचा तुकडा बसवा.

पागोटे

इथे वेळ घालवा. दोन बैठकींत करायचे, कारण एका बैठकीत करताना वरच्या घडी दाबल्या की खालच्या बसतात.

पहिल्या दिवशी फक्त गाभा: मटाराच्या दाण्याच्या पाव भागाएवढी पुटी कवटीवर बसवून पाच-साडेपाच मिमी रुंद, वर किंचित चपटा गोळा करा. कपाळावर कड खाली, मागे मानेकडे थोडी अजून खाली. समोरून पाहिल्यावर पागोटे चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा-पाऊण मिमी बाहेर यावे. रात्रभर वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी पुटीची ०.८ मिमी जाडीची सुतळी वळा. काचेवर काचेचीच पट्टी फिरवून वळली तर जाडी एकसारखी येते. बोटांनी वळलेली सुतळी डोंगरदऱ्या करते. ती दाबून दीड मिमी रुंद पट्टी होईल. पहिली पट्टी उजव्या कानावरून निघून कपाळाच्या मध्यावर चढत डाव्या बाजूला वर जाते. दुसरी डाव्या कानावरून निघते आणि पहिलीला कपाळावर छेदते. असे सहा-सात वेढे, प्रत्येक नवा वेढा आधीच्याचा एक तृतीयांश झाकतो. दहापेक्षा जास्त वेढे घातले तर ते घडी न वाटता धान्याचे पोते वाटते. प्रत्येक पट्टीवर सुईने दोन लांब रेघा ओढा, समांतर नको, एका टोकाला मिळणाऱ्या. कापड पिळले की रेघा तशाच मिळतात. शेवटचा शेव मागे खोचा किंवा मानेवर सोडा. तुकडीतल्या चार-पाच जणांनाच शेव सोडलेला असावा, सगळ्यांना नको.

पागोटे मोठे होण्याची चूक सर्वांत सामान्य. कारण साधे: गाभाच अंतिम मापाचा केलेला असतो आणि घडी त्यावर चढतात. गाभा नेहमी अर्धा मिमी कमी.

शिलेदार

स्वार आणि घोडा वेगळे ठेवून काम करा, रंगही वेगळा द्या. एकत्र चिकटवल्यावर मांडीच्या आत ब्रश जात नाही.

खोगिराच्या पुढची-मागची उंच कमान कापा. घोड्याच्या पाठीवर पुटीची पाऊण मिमी जाड झूल टाका, कडा सरळ, खालचे कोपरे किंचित उडालेले. स्वार त्यावर ओल्यातच एकदा दाबून काढा म्हणजे बैठकीचा ठसा पडतो आणि नंतर मध्ये फट राहत नाही. त्याआधी स्वाराच्या बुडाला व्हॅसलीनचा बोट लावायला विसरू नका, नाहीतर तो कायमचाच बसतो.

भाल्यासाठी २२ गेजची तार ६५ मिमी कापा. एक टोक ऐरणीवर हातोडीने चपटे करून कानशीने पानाचा आकार द्या. प्लास्टिकच्या मुठीत ०.८ मिमीचे छिद्र पाडता येते, दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे पाडले तर ड्रिल भरकटत नाही. धातूची मूठ बहुधा फुटते. तिथे सरळ हात मनगटाशी कापून भाला फेविक्विकने टेकवा आणि त्याभोवती पुटीची चार बोटे घडवा. भाल्याचे टोक खरोखर टोचते. कानशीने बोथट करा, विशेषतः घरात मुले असतील तर.

तलवारीसाठी जाड पितळी तार चपटी करून वाकवा. आपल्या तलवारीची ओळख मुठीच्या टोकाच्या चकतीवरून पटते. पुटीचा बारीक दाणा दाबून ती चकती करा. ढाल करायला गोटीला व्हॅसलीन लावून त्यावर अर्धा मिमी जाड पुटी पसरा, वाळत आली की १० मिमी व्यासाच्या नळीच्या कडेने दाबून कापा. वाळल्यावर चार बाजूंना चार फुले: फेविकॉलचे थेंब टाचणीने ठेवले तरी पुरतात. एका बैठकीत डझनभर ढाली निघतात.

शून्यापासून मूर्ती

सरदार, निशाणधारी, झंबुरक्या (उंटावरची हलकी तोफ चालवणारा) असे एकेकटे नग स्वतः घडवावेत. पूर्ण पलटण घडवू नका, पंधराव्या मूर्तीला कंटाळा चेहऱ्यावर उतरतो. मूर्तीच्याही.

२० गेजच्या तारेचा १२ सेमी तुकडा मध्ये दुमडून दोन पीळ द्या, हा कणा. दोन्ही टोके पाय. पायाखाली दोन-तीन सेमी तार शिल्लक ठेवून ती बुचात खोवा. हातांसाठी दुसरी तार खांद्याच्या उंचीवर आडवी बांधून फेविक्विकने पक्की करा. कागदावर ३० मिमीची उभी रेघ ओढून खुणा करा: जांघ १५ वर, गुडघे ८ वर, कंबर १८ वर, खांदे साडेचोवीसवर, हनुवटी जवळपास २६ वर. डोके ४.३ मिमी, खांद्यांची रुंदी त्याच्या दुप्पट. हात खाली सोडला तर मनगट जांघेशी येते. ढब आधीच तारेत द्या. पुटी चढल्यावर वाकवले तर सांध्यावर फुटते.

गुळगुळीत तारेवर पुटी फिरते. म्हणून पहिला थर अगदी पातळ, नुसता लेप, आणि तो वाळू द्या. दुसऱ्या दिवशी धड आणि मांड्यांना भर द्या, पण शरीर दिसायला हवे त्यापेक्षा बारीक, उपाशी माणसासारखे. कपड्याची अर्धा मिमी जाडी पुढे चढणार आहे. ही जागा न सोडल्यामुळेच घरगुती मूर्ती गुबगुबीत होतात.

तिसऱ्या दिवशी चेहरा. अंड्यासारख्या गोळ्याच्या बरोबर मध्यावर डोळ्यांची आडवी रेघ दाबा. दोन खोबण्या, मध्ये नाकाची पाचर, खाली तोंडाची रेघ. डोळे फार वर जाणे ही नेहमीची चूक, त्यामुळे कपाळ नाहीसे होते. तोंड बिघडले तर भरघोस मिशी आहेच, अठराव्या शतकाचा हा मोठाच उपकार. चौथ्या दिवशी जामा: चुण्या ताणाच्या जागेपासून निघतात, म्हणजे काख, कोपर, कमरबंद. कुठूनही न निघणारी चुणी सुरकुती वाटते. हात, पट्टे, हत्यारे शेवटी.

स्वतःच्या मूर्तीची किंवा डोक्याची नक्कल हवी असेल तर गरम पाण्यात मऊ होणारी साच्याची कांडी मिळते. ती मूळ वस्तूवर दाबून गार झाली की साचा तयार. त्यात पुटी भरून पागोटेवाली डोकी काढता येतात. विकत घेतलेल्या मूर्तीचे साचे मात्र काढू नयेत, ती शिल्पकाराच्या पोटावर पाय देणारी चोरी आहे.

रंग

अस्तर करड्या रंगाचे. पावसाळ्यात स्प्रे मारू नका. हवेतल्या दमटपणाने पृष्ठावर पांढरट भुकटी बसते, आणि वरच्या मॅट वार्निशचे तर त्याहून वाईट होते: महिन्याभराचे काम एका फवाऱ्यात धुके पांघरते. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचे अस्तर आणि वार्निश वापरा.

मराठी फौज पांढऱ्या कपड्यांत, आणि पांढरा हा सर्वांत लबाड रंग. शुद्ध पांढऱ्याने सुरुवात केली तर पुढे उजळवायला जागाच नसते. आधी खाकीकडे झुकणारा राखाडी-बदामी रंग सगळीकडे द्या. पातळ तपकिरी पाणी फक्त चुण्यांच्या खोलीत सोडा, सगळ्या अंगावर नको, नाहीतर कपडा मळका होतो. मग मोतिया रंग, निम्मे पाणी घालून, उंचवट्यांवर दोन हात. शुद्ध पांढरा शेवटी आणि फक्त खांदे, गुडघा, पागोट्याच्या वरच्या घडी एवढ्यावर. जवळून हा फरक भडक वाटतो. मूर्ती हातभर लांब धरून पाहा, मग ठरवा.

पागोट्यांचे रंग लाल, केशरी, पिवळे, हिरवे, पांढरे असे विखुरलेले ठेवा, पण गारद्यांच्या तुकडीत एकच. कवायती फौज आणि शिलेदारांचा जथा यांतला फरक टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून कळायला हाच उपाय आहे. त्वचेसाठी उबदार तपकिरी, त्यावर लालसर तपकिरी पाणी, मग नाक, गालाचे हाड आणि मुठी उजळ. डोळे रंगवू नका. खोबणीतली सावली पुरते. पाच-पाच सैनिकांचा गट करून एक रंग पाचही जणांना देत पुढे जा.

बैठकीसाठी ३ मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) लेझरने कापून घ्या: पायदळाचे चार जण ४० बाय ४० मिमीवर, दोन स्वार ५० बाय ५० वर. फेविकॉलवर चाळलेली वाळू टाकायची. वापरलेली चहापूड वापरत असाल तर खडखडीत वाळवलेली, नाहीतर श्रावणात सैनिकांच्या पायाशी बुरशी उगवते. जमिनीचा रंग सवयीने सह्याद्रीचा तांबडा किंवा देशावरचा काळा दिला जातो. पानिपत यमुनेच्या गाळाचे मैदान आहे: फिकट, धुळकट तपकिरी, आणि जानेवारीतले गवत वाळके. टेबलावर एखादे आंब्याचे झाड ठेवा. तिथल्या स्मारकाचे नावच काळा आंब आहे.

खेळ

सहा बाय चार फुटांचे टेबल. १ इंच म्हणजे साधारण १२ मीटर धरा. पायदळाची तुकडी १२ जणांची, तीन बैठकींवर, घोडदळाची सहा स्वारांची. मराठ्यांकडे गारद्यांच्या तीन तुकड्या, हुजुरातीच्या (पेशव्यांच्या खास) घोडदळाच्या दोन, दोन तोफा. समोर हाफिज रहमतखान आणि दुंदेखानाच्या रोहिल्यांच्या पाच तुकड्या, झंबुरक्यांचे दोन उंट, आणि अब्दालीच्या राखीव घोडदळाची एक तुकडी, जी सहाव्या फेरीला येते. प्रत्यक्षातही दुपारनंतर आलेल्या राखीव फौजेनेच लढाई फिरवली.

चाल: पायदळ ६ इंच, घोडदळ १२, उंट ८. जड तोफा जागच्या हलत नाहीत, फक्त तोंड वळवतात. मारा करायला प्रत्येक बैठकीला दोन फासे. गारद्यांना ४ इंचांपर्यंत ४ किंवा अधिक पडले की घाव, ८ इंचांपर्यंत ५ किंवा अधिक. रोहिल्यांच्या तोड्याच्या (पेटत्या वातीने उडणाऱ्या) बंदुकांना जवळ ५, लांब ६. तोफेला ४० इंचांपर्यंत तीन फासे, ५ वर घाव. ८ इंचांच्या आत छर्रे म्हणून सहा फासे, ४ वर. झंबुरक्याला १६ इंचांपर्यंत दोन फासे, ५ वर, पण तो चालून त्याच फेरीत मारू शकतो. चार घावांना एक बैठक उठते. गारद्यांची पूर्ण तुकडी जवळून मारताना सहा फासे टाकते, सरासरी तीन घाव. म्हणजे समोरची तुकडी चारेक फेऱ्यांत संपते. यापेक्षा जास्त मारक नियम केले तर खेळ चहा येण्याआधी आटोपतो.

हातघाईत समोरासमोरच्या प्रत्येक बैठकीला तीन फासे, ५ वर घाव. घोडदळ चालून आले असेल तर पहिल्या फेरीत ४ वर, पण रांग धरलेल्या, न हललेल्या गारद्यांवर नाही. ज्याचे घाव जास्त तो जिंकला. हरलेल्याने एक फासा टाकायचा: गमावलेल्या बैठकींपेक्षा जास्त पडला नाही तर ८ इंच मागे पळ.

आता पानिपतचे असे दोन नियम. मराठ्यांचा बेत गोल बांधून, तोफा आणि गारदी पुढे ठेवून सरकण्याचा होता. विंचूरकर आणि गायकवाडांचे घोडदळ पुढे झेपावल्याने आपल्याच माऱ्याची वाट अडली, असे या लढाईबद्दल सांगितले जाते. म्हणून शत्रू १२ इंचांच्या आत असेल तर हुजुरातीच्या प्रत्येक तुकडीसाठी फेरीच्या सुरुवातीला फासा टाका. १ किंवा २ पडले की ती हुकमाविना धावून जाते, आणि तिच्या मागच्या तोफा व गारद्यांना तिच्या आरपार मारता येत नाही. हा नियम कागदावर अन्याय्य वाटतो. टेबलावर तो मराठ्यांच्या खेळाडूला घोडदळ कुठे उभे करायचे याचा गंभीर विचार करायला लावतो.

दुसरा नियम भुकेचा. छावणीची रसद आधीच तुटलेली होती, माणसे-जनावरे उपाशी होती. सहाव्या फेरीनंतर मराठी घोडदळाची चाल १२ ऐवजी ८ इंच, आणि पळाच्या फाशातून १ वजा. विश्वासरावांची मूर्ती हत्तीवर किंवा घोड्यावर मागच्या कडेला ठेवा. सहाव्या फेरीपासून दर फेरीला दोन फासे टाका, दोन्ही ६ पडले की विश्वासराव पडले, आणि मराठ्यांच्या प्रत्येक तुकडीने लगेच एकदा पळाचा फासा टाकायचा. मराठे जिंकतात ते दहा फेऱ्यांच्या आत रोहिल्यांच्या तीन तुकड्या पळवून लावल्या तर. अब्दालीच्या बाजूला दहावी फेरी पाहणे एवढेच पुरेसे आहे.

खेळ संपल्यावर मूर्ती भाल्याला धरून उचलू नयेत, बैठकीला धरावे. बैठकीखाली चुंबकाची लवचीक पट्टी चिकटवली तर सगळी फौज पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात उभीच्या उभी राहते. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, आणि नव्याने फेविक्विक लावलेला सैनिक रात्रभर बाहेरच ठेवा: बंद डब्यात त्याची वाफ शेजाऱ्यांच्या रंगावर पांढरी साय धरते.